अखेरचा साठा कोणी मोजला?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी-गौरव समारंभात झालेले भाषण)



आज येथे बोलण्याचा मान मला मिळाला तो माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे, हे मी जाणून आहे. मंडळाचे हिशेब तपासण्याचे काम अंगावर घ्यायला गेली चार वर्षे दुसरे कोणी पुढे आले नाही. तेव्हा हिशेबावर बोलायचे तर याच माणसाला उभे करावे, असा कार्यकारी मंडळाने सरळ विचार केलेला दिसतो. आज सत्कार झालेल्या अठरा मुलामुलींपैकी अकरा जणांनी वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला आहे, असे कार्यवाहांनी मला सांगितले. म्हणजे येत्या तीन-चार वर्षांत या सभागृहातील अकरा घरांत पदवीधर हिशेबनीस असणार. त्यांच्याशी चार गोष्टी बोलाव्यात एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम माझा अधिकार किती ते सांगून टाकतो. मी बी.ए. आहे, तोही इतिहास विषय घेऊन. सरकारी लेखाविभागात आल्यावर बढतीसाठी हिशेबाची खातेपरीक्षा द्यावी लागली, तेव्हा वयाच्या पंचविशीत बी.कॉम.ची पुस्तके प्रथम हाती धरली. ती या गावच्या बाजारात मिळाली ती हिंदीत. आपण ज्याला 'नावे' म्हणतो त्याला तेथे 'नाम' म्हटले होते. 'जमा' मात्र दोन्हीकडे जमाच. आजोबांच्या तोंडून लहानपणी ऐकलेले 'त्याच्या नावे टाक' हे शब्द परक्या मुलखात असे अवचित भेटले, आणि विषयाचे निम्मे भय तेथेच गेले.

व्यापाराचे शिक्षण विद्यापीठात देता येते ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघाले; वाणिज्याचे ते आशियातील पहिले महाविद्यालय मानले जाते. त्यापूर्वी हे ज्ञान पेढीवर, मुनिमाच्या हाताखाली, मारही खात मिळत असे. परंतु हिशेब ही वस्तू मात्र आपल्याला नवी नव्हती. आपल्या मंडळाची सभासदांची यादी उघडून पाहा. फडणीस आहेत, मुजुमदार आहेत, पोतनीस आणि कारखानीस आहेत. ही आडनावे म्हणजे मराठी राज्यातील कचेऱ्यांची पदे होत. फडणिसाने दप्तर लिहावे, मुजुमदाराने हिशेब तपासावा, पोतनिसाने रोकड सांभाळावी. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा आणि पैसा हाताळणारा तिसरा. आजच्या लेखापरीक्षणाच्या पाठ्यपुस्तकात 'अंतर्गत नियंत्रण' या भारदस्त नावाखाली जे प्रकरण असते, त्याचा अर्धा मजकूर आपल्या सभासदयादीत आहे. (यंदा योगायोगाने आपले कोषाध्यक्ष श्री. फडणीस आणि कार्यवाह श्री. पोतनीस आहेत. पदांची अदलाबदल झाली आहे. पण ते असो.)

आता विद्यापीठात या मुलांना काय शिकवतात ते पाहू. हिशेबशास्त्र, परिव्ययाचा हिशेब, कंपनी कायदा, लेखापरीक्षण, आयकर, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर तोही. विषय काही कमी नाहीत, आणि जे शिकवतात ते खोटे नाही. तीन प्रकारची खाती आणि त्यांचे तीन नियम मुलांना झोपेतून उठवून विचारले तरी येतात. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याला जमा. येणारी वस्तू नावे, जाणारी जमा. खर्च व तोटे नावे, उत्पन्ने व नफे जमा. मला आक्षेप घ्यायचा आहे तो वेगळ्याच जागी.

परीक्षेतील मोठा प्रश्न कसा सुरू होतो हे या मुलांना तोंडपाठ आहे. पुढील तेरीज पत्रक व समायोजना यांवरून व्यापार खाते, नफातोटा खाते आणि ताळेबंद तयार करा. त्याखाली दोन स्तंभांत आकडे, आणि त्यांच्याखाली पहिली समायोजना बहुधा हीच असते: अखेरचा साठा रुपये ४०,०००.

विद्यार्थी हा आकडा उचलतो आणि दोन ठिकाणी मांडतो, एकदा व्यापार खात्याच्या जमा बाजूला आणि एकदा ताळेबंदात मालमत्तेत. एक जागा विसरला तर गुण जातात. दोन्ही जागा बरोबर आल्या की ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळतात, आणि त्या जुळल्याचा जो आनंद होतो तो मीही अनुभवला आहे. तो खरा आनंद आहे. परंतु तो साठा ४०,००० रुपयांचा आहे हे कोणी सांगितले? प्रश्नपत्रिकेने. तिला कोणी सांगितले? हा प्रश्न बारावीपासून पदवीपर्यंत मुलाला कोणी विचारीत नाही, आणि म्हणून तोही कोणाला विचारीत नाही.

समजा, कोठारात प्रत्यक्ष २५,००० रुपयांचाच माल आहे. तर त्या वर्षीचा नफा १५,००० रुपयांनी फुगलेला आहे. आणि तरीही ताळेबंदाच्या दोन्ही बाजू पैशापर्यंत जुळलेल्या आहेत! एवढ्याने भागत नाही. या वर्षीचा अखेरचा साठा हा पुढील वर्षीचा आरंभीचा साठा. म्हणजे पुढच्या वर्षी खरा आकडा मांडायचा तर पंधरा हजारांचा खड्डा उघडा पडणार. तो झाकायचा तर साठा आणखी फुगवावा लागणार. एकदा लिहिलेले खोटे असे दरवर्षी पुढे ओढले जाते. इतर खर्चाला पावती असते, विक्रीला समोर गिऱ्हाईक असते. साठ्याला मात्र कोणीतरी वाकून मोजल्याखेरीज साक्षीदार नाही.

जो ग्रंथ या विद्येचा पहिला छापील ग्रंथ म्हणून सांगितला जातो, तो १४९४ साली व्हेनिस येथे छापला गेला. त्याचा कर्ता लुका पाचिओली हा फ्रान्सिस्कन पंथाचा संन्यासी व गणिती होता. त्याने द्विनोंदी पद्धती शोधली नाही. व्हेनिसचे व्यापारी जी वापरीत तीच आपल्या गणिताच्या ग्रंथातील एका भागात नीट मांडून दाखवली. तीन वह्या ठेवाव्यात असे तो सांगतो. पहिली कच्ची टिपणवही, दुसरी रोजकीर्द, तिसरी खतावणी. वहीच्या आरंभी देवाचे नाव घालावे असेही सांगतो. आपण 'श्री' घालतो तसेच. परंतु मला त्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की तो सुरुवात नोंदींपासून करीतच नाही. व्यापाऱ्याने आधी आपल्याजवळ काय काय आहे त्याची यादी करावी. रोकड, जडजवाहीर, चांदीची भांडी, कापडचोपड, घरदार, येणे, देणे सर्व एकूण एक लिहावे, आणि हे काम एकाच दिवसात उरकावे. वस्तू पाहिल्यावर मग वही. पाचशे वर्षांनंतर आमच्या विद्यापीठांनी वही ठेवली आणि वस्तू पाहण्याचा तो पहिला दिवस गाळला.

हे मी कोणाला दोष देण्याच्या उंचीवरून बोलत नाही. का, ते आता सांगितले पाहिजे. ही हकीगत आजवर मी चार-दोन माणसांनाच सांगितलेली आहे.

१९९७ सालची गोष्ट. खातेपरीक्षा मी नुकतीच वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झालो होतो. एका सरकारी बांधकाम कार्यालयाच्या कोठारातील मालाची वार्षिक पडताळणी करण्यासाठी ३१ मार्चला मला पाठवण्यात आले. ठिकाण सांगत नाही. त्याची जरुरी नाही. नोंदवहीत सिमेंटच्या ९६० गोण्या होत्या. कोठारात शिरलो तो समोर मोठी थप्पी. धुरळा एवढा की रुमाल नाकाला लावल्यावाचून उभे राहवेना. मी लांबीच्या गोण्या मोजल्या, बारा. रुंदीच्या आठ. थर दहा. गुणाकार केला, ९६०. नोंदवहीशी तंतोतंत मेळ! मी तांबड्या शाईने बरोबरची खूण केली, प्रत्यक्ष पडताळणी केल्याचा दाखला लिहिला, सही केली आणि दुपारच्या गाडीने परतलो.

त्यानंतर आठवडाभरात तेथील स्टोअरकीपर निवृत्त होऊन गावी गेला आणि त्याच्या जागी एक तरुण माणूस आला. माझ्या सहीचा ताजा दाखला समोर असल्यामुळे त्याने त्यावर विसंबून चार्ज घेतला. जूनमध्ये पावसापूर्वीच्या कामासाठी गोण्या बाहेर काढू लागले, तेव्हा वरचा थर उचलताच खाली फळ्या लागल्या. फळ्या काढल्या तर मध्ये पोकळी. चारी बाजूंनी गोण्यांच्या भिंती आणि आत काही नाही. मोजता २८० गोण्या कमी भरल्या. चौकशीत पहिला प्रश्न असा की चार्ज घेताना माल पुरा होता काय? दाखल्यावरून होता. म्हणजे तूट नंतर आली. म्हणजे वसुली नव्या माणसाकडून. रक्कम त्याच्या जवळजवळ सात महिन्यांच्या पगाराइतकी होत होती. ती हप्त्याहप्त्याने कापली जाऊ लागली.

पोकळीची गोष्ट माझ्या कानावर जुलैतच आली. मी गुणाकार केला होता, मोजले नव्हते, हे मला तत्क्षणी कळले. आणि मी गप्प बसलो. बढतीची यादी निघायची होती. माझा दाखला नियमाला धरून आहे, थप्प्या उतरवून मोजाव्यात असे कोठेही स्पष्ट लिहिलेले नाही, असे मी स्वतःला नऊ महिने समजावीत राहिलो.

पुढच्या वर्षी चैत्रात तो स्टोअरकीपर पत्ता शोधीत माझ्या घरी आला. मी दार उघडले तेव्हा भांडणाच्या तयारीने उघडले. तो भांडला नाही. तो उंबऱ्याशी उभा राहून हिंदीत जे बोलला त्याचा आशय असा की, साहेब, आपण मोजल्या तेव्हा नक्कीच पुऱ्या असतील. मग माझ्याच मोजण्यात काही तरी चुकत असले पाहिजे. गोण्या कशा मोजायच्या तेवढे मला शिकवा, म्हणजे पुन्हा असे होणार नाही. पत्नीने त्याला चहा दिला. तो चहा पिऊन होईपर्यंत मला त्याच्याकडे पाहवले नाही.

दुसऱ्या दिवशी मी लेखी जबानी दिली. त्याची वसुली थांबली. कापलेले पैसे परत मिळायला मात्र आणखी दोन वर्षे गेली, आणि त्या दोन वर्षांत त्याच्या घरी काय झाले असेल ते विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. माझी एक वार्षिक वेतनवाढ रोखली गेली. शिक्षा कमी झाली, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

खातेपरीक्षेत मला लेखापरीक्षणाच्या विषयात उत्तम गुण होते. 'मालमत्तेची पडताळणी' या प्रश्नाचे दहा मुद्दे मी लिहिले होते. आजच्या बी.कॉम.च्या पुस्तकातही हे प्रकरण आहे, मुले ते पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत उतरवतात. त्यातच एक प्रसिद्ध खटला असतो, १८९६ सालचा, इंग्लंडमधील किंग्स्टन कॉटन मिलचा. तेथील व्यवस्थापकाने वर्षानुवर्षे सुताचा साठा फुगवून दाखवला. तपासनिसांनी त्याचा दाखला खरा मानला. न्यायालयाने तपासनिसांना दोषमुक्त केले. तपासनीस हा राखणीचा कुत्रा आहे, वास काढीत हिंडणारा शिकारी कुत्रा नव्हे, अशा आशयाचे वाक्य एका न्यायमूर्तींनी उच्चारले, आणि ते वाक्य गेली सव्वाशे वर्षे जगभरचे विद्यार्थी पाठ करीत आले आहेत. माझ्या त्या नऊ महिन्यांत हा राखणीचा कुत्रा माझ्याही फार उपयोगी पडला.

परंतु गोष्ट तेथे संपत नाही, आणि पुढचा भाग पाठ्यपुस्तके एका ओळीत उरकतात. १९३८ साली अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या औषधांच्या मोठ्या कंपनीत असे उघडकीस आले की तिच्या ताळेबंदातील सुमारे १ कोटी ९० लाख डॉलरची मालमत्ता अस्तित्वातच नव्हती. कॅनडातील गुदामांत माल पडून आहे असे कागद सांगत होते. गुदामे कोणी पाहिली नव्हती. कंपनीचा अध्यक्ष हा नाव बदलून वावरणारा, पूर्वी शिक्षा झालेला इसम निघाला. त्याने आत्महत्या केली. कागद सगळे व्यवस्थित होते, हेच त्या प्रकरणातले भयंकर. त्यानंतर, १९३९ पासून, मोजणीच्या वेळी तपासनिसाने स्वतः हजर राहावे आणि येणे रकमांची ऋणकोंकडून खात्री करून घ्यावी, हा दंडक तेथे पडला. साठ्याची रक्कम मोठी असेल तर मोजणीस हजर राहावे, असे आपल्याकडील लेखापरीक्षणाच्या मानकांतही आहे. आणि जी गोष्ट गुदामाची तीच बँकेतील शिलकेची. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कळवले की हिशेबात दाखवलेल्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये मुळातच नाहीत. त्या ताळेबंदाच्याही दोन्ही बाजू जुळलेल्या होत्या.

आता संगणक आला आहे. आज प्रत्येक मुलगा पदवीबरोबर टॅलीचा वर्ग करतो, आणि तो अवश्य करावा, नोकरी त्यावरच मिळते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. जुन्या मुनिमाची रात्र तेरजेतील साडेतीन रुपयांचा फरक शोधण्यात जात असे. त्या शोधात त्याच्या डोळ्यांखालून वर्षाची प्रत्येक नोंद पुन्हा जात असे, आणि फरकाबरोबर दुसरेही काही सापडत असे. संगणक दोन्ही बाजू सारख्या असल्याखेरीज नोंद घेतच नाही. तेव्हा फरक राहण्याचा प्रश्नच उरला नाही. तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा ठरत नाही, विसरलेली नोंद, चुकीच्या खात्यातील नोंद, एकमेकींना झाकणाऱ्या दोन चुका यांतले काहीही तेरजेत दिसत नाही, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. ते शिकवणे पूर्वी थोडे उपयोगाचे होते. आता अत्यावश्यक झाले आहे.

जी मुले सनदी लेखापालाच्या मार्गाला लागतील त्यांना ही विद्या उमेदवारीत मिळेल. ती मुदत २०२३ पासून तीन वर्षांऐवजी दोन वर्षे झाली आहे, तरी ३१ मार्चला कोणाच्या तरी कारखान्यात धूळ खात लोखंडाचे गज मोजावे लागतीलच. परंतु बी.कॉम. होणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्या वाटेला जात नाहीत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला जागा मिळाली आहे, ही चांगली गोष्ट आहे. मात्र त्या काळात मुलांना एखाद्या कचेरीतील थंड खोलीत बसवून आणखी नोंदी करायला लावले तर वेळ फुकट गेला असे मी म्हणेन. पालकांनी ओळखीच्या किराणा दुकानदाराकडे, औषधविक्रेत्याकडे मुलाला पाठवावे. औषधाच्या दुकानात वीस डबे आहेत; त्यांतले किती मुदत संपलेले आहेत, आणि मग साठा वीस डब्यांचा धरायचा की तेराचा? या प्रश्नापाशी मुलगा अडखळला की त्याचे शिक्षण सुरू झाले.

शेवटी घरच्या हिशेबाकडे वळतो. आपल्या मंडळाच्या ताळेबंदात 'भांडी, सतरंज्या व रंगमंच-साहित्य' या शीर्षकाखाली १८,४५० रुपये आहेत. मी मागील वह्या चाळून पाहिल्या. हा आकडा गेली अकरा वर्षे एका रुपयानेही हललेला नाही. या अकरा वर्षांत अकरा गणेशोत्सव झाले, तीन नाटके झाली, दोनदा कोठीत पावसाचे पाणी शिरले आणि एका लग्नाला दिलेले मोठे पातेले परत आले की नाही यावरून सर्वसाधारण सभेत झालेला वाद अनेकांच्या स्मरणात असेल. आकडा मात्र स्थिर आहे. शेवटच्या चार ताळेबंदांवर तपासनीस म्हणून सही माझी आहे. मी कोठीत गेलो नव्हतो.

तेव्हा वाणिज्य शाखेच्या अकराही विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी कोठीची किल्ली घेऊन मंडळाच्या दाराशी उभा असेन. घरचे जुने कपडे घालून या. नाकाला बांधायला रुमाल आणा. वही माझ्याजवळ आहे, ती कोरी आहे, मागची यादी मी बरोबर आणणार नाही. पातेली उपडी करून पाहायची आहेत, आणि सतरंज्या मात्र गठ्ठ्यावरून मोजायच्या नाहीत. एकेक उलगडून, अंगणात पसरून मोजायच्या आहेत.